वाहणाऱ्या कानात मोल्ड नको: श्रवणयंत्रं वाटणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्ह्याजिल्ह्यात श्रवणयंत्र वाटपाची शिबिरं घेणारे आरोग्य विभागाचे आणि दिव्यांग कल्याण विभागाचे अधिकारी, आणि त्या टेबलावर बसून आमचे कान तपासणारे ऑडिओलॉजिस्ट,

सगळ्यांना नमस्कार.

पत्र लांबणार आहे, पण एकदा शेवटपर्यंत वाचा ही विनंती. ऐकू कमी येण्याचे प्रकार वेगवेगळे असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तरीपण शिबिरात टेबलावर मशीन एकाच प्रकारचं असतं, कानामागे लावायचं आणि कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा बोळा, घालायचा. ज्याचा कान वाहतो, ज्याच्या कानाला जन्मापासून भोकच नाही, ज्याचं मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालंय, त्याच्याही हातात तेच. आमच्यासारख्यांसाठी कानाच्या भोकाऐवजी कानामागच्या हाडातून ऐकवणारी मशीनं असतात. ती आम्हाला दाखवा, लावून बघू द्या, आणि योजनेच्या यादीत घ्या, एवढंच मागायला हे पत्र लिहितेय.

मी सांगली जिल्ह्यात तासगावला एका पतसंस्थेत काउंटरला असते. लहानपणापासून दोन्ही कान फुटलेले, आणि घरात त्यावर लसणाचं कोमट तेल हाच उपाय व्हायचा. पुढे उजव्या कानात हाड सडत चाललंय म्हणून मास्टॉइडचं ऑपरेशन झालं, डाव्या कानाला पडदा बसवला तो टिकला नाही. नंतर एका शिबिरात मला डिजिटल मशीन मिळालं, फुकट मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार आहेत आणि ते मशीन काही वाईट नव्हतं. पण मोल्ड घातला की कानाचं तोंड बंद, आत वारा नाही, थोड्याच दिवसांत खाज सुटायची, मग वास, मग पू. संध्याकाळी मोल्ड काढला की त्याच्या नळीत पिवळट थेंब अडकलेला असायचा, तो फुंकून काढायचा, मोल्ड साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि रात्रभर टॉवेलवर वाळत टाकायचा. ईएनटी डॉक्टर म्हणायचे मशीन बंद ठेवा, ड्रॉप टाका, कान कोरडा राहिला पाहिजे. ऑडिओलॉजिस्ट म्हणायचे मशीन रोज वापरा नाहीतर सवय कशी होणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये मी पावसाळाभर मशीन डबीत ठेवून काउंटरवर बसलेली, समोरचा साठ म्हणतोय का आठ म्हणतोय ते ओठांवरून ओळखत, कारण स, श, फ असले बारीक आवाज आधी जातात आणि पैशाच्या कामात साठ आणि आठ एकसारखं ऐकू येऊन चालत नाही. ऑपरेशन झालेल्या कानात तर पोकळी मोठी, तोंड रुंद, मोल्ड नीट बसायचाच नाही आणि मशीन शिट्टी मारायचं, आवाज वाढवला की जास्तच.

मग एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे जायचा योग आला. त्यांनी हेडफोनची टेस्ट झाल्यावर कानामागच्या हाडावर एक छोटी काळी डबी टेकवली, वरून स्टीलची पट्टी, आणि परत सगळे आवाज ऐकवले. मग कागद समोर ठेवून दाखवलं, हवेतून ऐकलेली रेघ ७० डेसिबलच्या आसपास, हाडातून ऐकलेली ३० च्या आसपास; यात आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकू कमी, आणि रेघ तेवढी खाली. म्हणाल्या, ताई, तुमचा आतला कान बऱ्यापैकी शाबूत आहे, अडलंय ते बाहेरच्या रस्त्यात. त्यानंतर एका पट्ट्यात बसवलेलं हाडाचं मशीन माझ्या कानामागे लावलं, माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात आकडे म्हणायला लागल्या. सात, साठ, आठ, सदुसष्ट. मी एकेक सांगत गेले आणि बरोबर येत गेले. माझ्या दोन्ही कानांत त्या वेळी काहीही नव्हतं, कान उघडे होते.

त्या दोन रेघांमधलं अंतर, तुमच्या भाषेत एअर-बोन गॅप, सगळं त्याच्यात आहे. फक्त बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर कंडक्टिव्ह लॉस, म्हणजे हाडाची रेघ चांगली आणि हवेची खाली. आतला कानही थोडा कमजोर असेल तर मिक्स्ड, म्हणजे दोन्ही रेघा खाली पण मध्ये अंतर आहेच. साध्या मशीनला तो सगळा अडथळा आवाज वाढवून ओलांडावा लागतो, म्हणून माझ्यासारखीला जोरदार मशीन लागतं, आणि जोरदार मशीन म्हणजे घट्ट मोल्ड, आणि घट्ट मोल्ड म्हणजे परत पू. हाडातून ऐकवणारं मशीन तो अडथळा वगळून थेट आतल्या कानाला हलवतं, त्याला फक्त हाडाच्या रेघेपुरतं काम करावं लागतं. अंतर ३०-३५ डेसिबलच्या वर गेलं की हाडाचं मशीन बहुतेक वेळा जास्त स्पष्ट ऐकवतं हे तुमच्याच क्षेत्रात मान्य झालेलं आहे. मग शिबिरात हाडाची टेस्टच होत नसेल, नुसता हेडफोन लावून ७० डेसिबल असा आकडा लिहून पुढच्याला बोलावलं जात असेल, तर ते ७० नसेचे आहेत का पडद्याचे हे कळणार कसं? आधी मळ आहे का, बुरशी आहे का, कान वाहतोय का हे दुर्बिणीतून बघणंसुद्धा प्रत्येक ठिकाणी होत नाही, मी स्वतः तीन-चार ठिकाणी बघितलंय.

सगळ्यांना हाडाचं मशीन द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. कान कोरडा आहे, पडद्याला छोटं भोक आहे, अंतर कमी आहे, त्याला कानामागचं साधं मशीन छान चालतं, स्वस्त पडतं, दुरुस्ती गावाजवळ होते आणि दोन कानांना दोन मशीनं असतील तर आवाज कुठून येतोय तेही समजतं. हाडाच्या मशीनचं तसं नाही, कवटी हलली की दोन्ही आतले कान हलतात, त्यामुळे एकच मशीन असेल तर हाक डावीकडून आली का उजवीकडून ते मला आजही पटकन कळत नाही आणि रस्ता ओलांडताना मान वळवून बघावंच लागतं. ओटोस्क्लेरोसिस असेल, म्हणजे रिकिबीचं हाड अडकलेलं असेल, तर त्याचं ऑपरेशन चांगलं होतं आणि नको असेल तर साधं मशीनही चालतं कारण कान कोरडा असतो. आणि ज्याच्या कानातून घाण वासाचा पू येतोय, चक्कर येतेय, तोंड वाकडं व्हायला लागलंय त्याला कुठलंच मशीन आधी देऊ नका, त्याला त्याच दिवशी ईएनटीकडे पाठवा, ते हाड खाणारं दुखणं असू शकतं आणि त्यात जीवाला धोका असतो.

आता हाडाच्या मशीनांबद्दल, कारण त्यातही पाच-सहा प्रकार आहेत आणि पेशंटला कोणी समोर बसवून फरक सांगत नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे स्टीलच्या पट्टीवर बसवलेली डबी आणि खिशात मशीन, किंवा चष्म्याच्या काडीत बसवलेलं. ते जुनं झालंय म्हणून कोणी दाखवत नाही, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ते आजही उपयोगी आहे. त्रास एवढाच की दाब द्यावा लागतो, दाब कमी झाला की आवाज जातो, जास्त झाला की तासाभरात डोकं दुखतं आणि कातडीवर लाल वळ उठतो. लहान मुलांना सॉफ्टबँड असतो, कापडी इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यावर मशीन, दाब कमी, ऑपरेशन नाही. पण मध्ये कातडी आणि केस असतात, त्यामुळे गोधडीआडून कोणी बोलावं तसा आवाज थोडा दबतो, आणि बारीक आवाज जास्त दबतात. ज्याची हाडाची रेघ चांगली आहे त्याला याने फारसं बिघडत नाही. ज्याची रेघ माझ्यासारखी खाली आहे त्याला ट्रायलला पुरतं पण रोजच्या कामाला कमी पडायला लागतं.

मेड-एल कंपनीचं अ‍ॅडहिअर म्हणून एक आहे, कानामागे स्टिकर चिकटवायचा आणि त्यावर मशीन टचकन बसवायचं. दाब नाही, वळ नाही, पट्टा नाही, शाळेत जाणाऱ्या मुलीला फार बरं वाटेल असं आहे. पण ते हाडाची रेघ २५ डेसिबलपर्यंत असेल तरच, म्हणजे शुद्ध कंडक्टिव्हवाल्यांना. मिक्स्डवाल्यांना त्यात पडू देऊ नका. शिवाय स्टिकर काही दिवसांनी बदलायचा असतो, तो खर्च कायमचा, आणि मे महिन्याच्या घामात तो किती टिकेल हे त्या पेशंटला त्याच्या गावात, त्याच्या कामावर लावून बघू दिल्याशिवाय कळणार नाही.

मग ऑपरेशनवाली. १९७७ मध्ये स्वीडनमध्ये गोथेनबर्गला डॉ. अँडर्स टेलस्ट्रॉम यांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर मशीन लावायला सुरुवात केली, टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हा तिथल्याच डॉ. ब्रोनेमार्क यांचा शोध, दातांच्या इम्प्लांटमध्ये वापरतात तोच. म्हणजे हे काही काल-परवा आलेलं नवीन फॅड नाहीये, जवळपास पन्नास वर्षं झाली. बाहा आणि पोंटो ही त्यातली नावं तुम्हाला रोजची आहेत. कातडी मध्ये येत नाही म्हणून आवाज पूर्ण ताकदीने हाडात जातो, आणि जास्त ताकदीची मॉडेल हाडाची रेघ ६५ डेसिबलपर्यंत खाली गेलेल्यांनाही चालतात. मी हेच वापरते, कर्ज काढून बसवलं. स्क्रूचं टोक कातडीबाहेर असतं, त्याच्याभोवती रोज मऊ ब्रशने साफ करावं लागतं, आळस केला की कडेने लाल होतं, ओलसर होतं, आणि केस विंचरताना फणी अडकते. हे सगळं ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं, घाबरवायला नाही, तयारीने यायला.

ज्यांना कातडीबाहेर काही नको त्यांच्यासाठी आता पूर्ण कातडीखाली बसणारी आहेत. बोनब्रिज २०१२ मध्ये आलं, हाडाची रेघ ४५ डेसिबलपर्यंत. ओसिया २०१९ मध्ये आलं, ५५ पर्यंत. बाहेरचं मशीन लोहचुंबकाने चिकटतं, कातडी शाबूत राहते. पण आत लोहचुंबक असल्यामुळे एमआरआयला अटी येतात, डोक्याच्या फोटोत त्या जागी काळी सावली पडते, आणि आपल्याकडे किंमत कित्येक लाखांत. व्हायब्रंट साउंडब्रिज हा वेगळा प्रकार, त्यात मधल्या कानातल्या हाडालाच किंवा आतल्या कानाच्या खिडकीला बारीक हलणारा भाग जोडतात, मिक्स्ड लॉस मोठा असेल तर तो विचारात घेता येतो, पण ऑपरेशन नाजूक आणि करणारे हात कमी. यातलं कुठलं चांगलं असं मला कोणी विचारलं तर मी आधी त्याचा ऑडिओग्राम, म्हणजे त्या दोन रेघांचा कागद, मागते. हाडाची रेघ कुठे आहे, कान कोरडा राहतो का, वय काय, पुढे एमआरआय लागण्यासारखं काही दुखणं आहे का, रोज साफसफाई जमेल का, आणि बिघडलं तर दुरुस्तीला कुठे जाणार. बाहेरगावी दुरुस्तीला मशीन पाठवलं की महिना जातो आणि तेवढे दिवस माणूस परत होता तिथे येतो, हा प्रश्न ब्रोशरमध्ये नसतो पण तालुक्याच्या माणसासाठी तो निम्मा निर्णय आहे.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मुलांबद्दल. बाहेरचा कान छोटा आणि आतलं भोक बंद अशी मुलं जन्मतात, त्यांच्या बाबतीत तर शोधायचंही काही नसतं, सुईणीलासुद्धा पहिल्या मिनिटाला दिसतं. बहुतेकांचा आतला कान चांगला असतो. आणि तरीही आईबापांना सांगितलं जातं, थांबा, मोठं होऊ दे, प्लास्टिक सर्जरी करू. अहो, बरगडीच्या कूर्चेतून कान बनवायचं ऑपरेशन साधारण सहा वर्षांनंतर, आणि बोलायला शिकायचं वय त्याच्या कितीतरी आधी! स्क्रूसाठी कवटी पुरेशी जाड व्हावी म्हणून पाच वर्षांपर्यंत थांबायला सांगतात तेही समजू शकते, पण सॉफ्टबँडला थांबायचं काहीच कारण नाही, तो काही महिन्यांच्या बाळालाही लावता येतो. त्याच मॅडमच्या क्लिनिकमध्ये जत भागातून आलेली एक बाई होती, मांडीवर दोन्ही कान बंद असलेला दोनेक वर्षांचा मुलगा. पट्टा लावला तसा त्याने ओढून फेकून दिला, रडला, परत लावला, परत फेकला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आईने पर्समधनं बिस्किटाचा पुडा काढला, कागद वाजला, आणि पोरगं रडता रडता थांबून पर्सकडे बघायला लागलं, पुडा अजून बाहेर आलेला नव्हता. आईने मुद्दाम परत कागद चुरगळला, त्याने परत बघितलं. ती मॅडमना विचारत होती हे मशीन केवढ्याला, आणि किंमत ऐकल्यावर तिने पट्टा सोडवून नीट घडी करून टेबलावर ठेवला. ते मूल आज बोलतं का नाही मला माहीत नाही, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण ते आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या पालघरमध्येच सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीत जातात, शाळेत जातात, ऐकू न येणारी मुलं आणि कान वाहणारी मुलं दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत, पुढे पाठवायला जिल्ह्याला केंद्र आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या योजनेतून, २०१४ पासून लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे आतला कानच काम करत नसेल तर ऑपरेशनने आत बसवतात त्या यंत्राला, प्रत्येकी लाखांची मदत मिळते, त्याचं काम बघणारी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे, अनेक घरांचं त्याने भलं झालंय आणि ते असंच चालू राहावं. पण ज्याचा आतला कान चांगला आहे त्याला कॉक्लिअर इम्प्लांटचा काही उपयोग नाही, त्याला हाडाचं मशीन लागतं, आणि त्याच्या आईने मग कुठे जायचं?

आणि इथे कायद्यातही एक गोष्ट अडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल असेल तर श्रवणदोष आणि ७० च्या वर असेल तर बहिरेपणा असं धरलंय. शुद्ध कंडक्टिव्ह लॉस मुळातच साधारण ६० च्या पुढे जात नाही, कारण त्याच्यापुढे आवाज आपोआप कवटीतून आतल्या कानात पोचायला लागतो. म्हणजे दोन्ही कान बंद असलेलं मूल काठावर, कधी ५५ भरतं कधी ६०, आणि ५५ भरलं तर प्रमाणपत्र नाही, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र नाही, मशीन नाही. दोन्ही कान पडद्याला भोक पडून ४५-५० डेसिबलवर अडकलेला माणूस, एका कानाने जन्मतः बंद असलेली मुलगी, यांचा तर विषयच नाही. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला ५० डेसिबल म्हणजे बाई काय शिकवतायत त्यातलं बरंचसं गेलं, हे तुम्ही जाणताच. कायदा बदलणं तुमच्या हातात नाही हे मला मान्य आहे. पण शाळेतल्या मुलांसाठी प्रमाणपत्राची अट न घालता मशीन देणं, जिल्हा नियोजनच्या निधीतून किंवा कंपन्यांच्या सीएसआरमधून, हे करता येतं, इतर साहित्याच्या बाबतीत ते होताना आम्ही बघतो.

मागणं फार मोठं नाहीये. ज्या शिबिरात मशीन द्यायचंय तिथे दुर्बिणीतून कान बघणारा माणूस आणि हाडाची टेस्ट करणारं ऑडिओमीटर असल्याशिवाय वाटप करू नका, त्या दिवशी नुसती तपासणी करून यादी केली तरी चालेल. प्रत्येक जिल्हा केंद्रात लावून बघायला एक हाडाचं मशीन, लहान-मोठे दोन-तीन सॉफ्टबँड आणि एक स्टीलची पट्टी ठेवा, हा एकदाचा खर्च आहे आणि एकच संच कित्येक जणांना लावून बघता येतो. वाहणारा कान, बंद कान आणि ऑपरेशन झालेला कान या तिघांच्या फॉर्मवर वेगळी खूण करा म्हणजे त्यांच्या हातात चुकून मोल्डवालं मशीन जाणार नाही. ऑडिओग्रामची प्रत पेशंटला द्या आणि त्यावर मराठीत दोन ओळी लिहा, कुठला लॉस आहे आणि हाडाची रेघ किती आहे. ऑडिओलॉजिस्ट मंडळींना वेगळं सांगते, तुमच्याकडे ज्या कंपनीची मशीनं आहेत तेवढीच दाखवू नका, दुसरीकडचं जास्त योग्य असेल तर तसं सांगा, माणूस तुमच्याकडेच परत येतो. आणि ईएनटी डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट दोघांनी एकाच कागदावर सल्ला द्या, एकाने मशीन काढायला सांगायचं आणि दुसऱ्याने घालायला, असं आमच्यावर सोडू नका.

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, त्या आठवड्यात तुमची शिबिरं लागतात, बॅनर आत्तापासून छापायला जातील. या वेळच्या साहित्याच्या यादीत हाडातून ऐकवणारी मशीनं आहेत का, आणि आमच्या जिल्ह्याच्या शिबिरात हाडाची टेस्ट होणार आहे का, याचं उत्तर शिबिराच्या आधी जाहीर करा. होणार असेल तर जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कान बंद असलेल्या मुलांच्या आयांपर्यंत निरोप पोचवायचं काम मी आणि आमच्या पतसंस्थेच्या बचत गटातल्या बायका करतो, आम्हाला फक्त तारीख आणि ठिकाण कळवा.

आपली विश्वासू,
दोन्ही कानांना मिक्स्ड लॉस असलेली तासगावची एक पतसंस्था कर्मचारी